साहेबांचा फोन

माझा भाऊ गहिनीनाथ आता बोलत न्हाई. रुसलाय म्हणून न्हाई. त्याच्या गळ्याला भोक हाय, त्यातून तो श्वास घेतो, अन् बोलायचं जे यंत्र देवानं दिलतं ते डॉक्टरांनी काढून टाकलंय. लोक बघायला येतात, च्च च्च करतात अन् म्हणतात, "नशीब, दुसरं काय." नशीब म्हणलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. नशिबानं न्हाई गेला त्याचा आवाज. कसा गेला ते मी सांगते. मी सुनिता, त्याची धाकटी बहीण. उमापुरात मपली स्वतःची पिठाची गिरणी हाय. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून माझा सूर चढाच झालाय, तवा कुणाला भांडल्यासारखं वाटलं तर वाटू द्या. भांडतेच हाय मी.

ही गिरणी बी दादानंच टाकून दिली. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले तवा गावानं शंभर सवाल केले. दादानं एक बी केला न्हाई. "कावून आलीस" एवढं सुद्धा विचारलं न्हाई. आपल्या घराला लागून पत्र्याची खोली बांधली, गिरणी बसवली अन् मारुतीच्या देवळात जाऊन भोंग्यावरून सांगितलं, "समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येतं की, आमच्या सुनिताची गिरणी चालू झाली. दळण आणा." साऱ्या गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मला कुणी परत आलेली म्हणलं न्हाई, गिरणीवाली म्हणाय लागले. असा होता त्याचा आवाज.

लहानपणी आमचं रान ओढ्यापलीकडं होतं. आई इकडून जेवायला हाक मारायची ती दादाला ऐकू जायची न्हाई, पण तो तिकडून "आलो गं" म्हणायचा ते अख्ख्या शिवाराला ऐकू यायचं. मोठा झाला अन् माईक त्याच्या हाती आला. कुणाची म्हैस सुटली, कुणाला देवाज्ञा झाली, माती किती वाजता हाय, रेशनचा गहू आला, पाणी सुटलं, सगळं तोच पुकारायचा. मातीचा पुकारा करताना तर असा सूर लावायचा की ज्याचं मेलेल्याशी भांडण होतं तो बी टोपी घालून निघायचा.

अन् लग्नं! आमच्याकडच्या लग्नात माईकवाल्याचं काम लई नाजूक असतं. मंगलाष्टका चालू असू द्या, मांडवाच्या तोंडाला पांढरी गाडी दिसली की भटजीनं थांबायचं अन् माईकवाल्यानं सुरू करायचं, आमच्या भागाचे भाग्यविधाते, गोरगरिबांचे कैवारी, यांचं आगमन झालेलं आहे. नवरदेवाचं नाव चुकलं तर हसून सोडून देतात. पुढाऱ्याचं पद चुकलं तर मांडव पेटतो. दादाचं कवाच चुकलं न्हाई. त्याच्यापायी साहेबांची नजर त्याच्यावर पडली.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव घेत न्हाई, घेऊन काय करायचं, एक झाकावा अन् दुसरा काढावा. प्रत्येक निवडणुकीत दादा त्यांच्या जीपमधी. गळ्यात गमछा, हातात माईक. उन्हातान्हात गावोगाव, "माता-भगिनींनो, तुमच्या दारात आलाय तुमचा हक्काचा माणूस!" मागच्या बारीला तर बीडला नेऊन, भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बसवून, त्याचा आवाज पेनड्राइव्हमधी भरून घेतला. अन् शेवटच्या सभेत साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हजारो लोकांना सांगितलं, "हा गहिनीनाथ नाही, हा माझा आवाज आहे!" ते घरी सांगताना दादा दर वेळी उठून उभा राहायचा. आमची वहिनी, रुक्मिण, चुलीपुढं बसून ऐकायची. एकदा म्हणली, "मग तुमचा कोणता?" दादा हसला. तिनं काय विचारलं ते त्याला कळलंच न्हाई.

पोळ्याच्या सुमाराला त्याचा घसा बसला. गावानं मजा केली. "नाथदादा, लई आईस्क्रीम हाणली का?" वहिनीनं हळदीचं दूध दिलं, तुरटीच्या गुळण्या झाल्या, जेष्ठमध चघळून झाला. गणपती गेले, देवीची घटस्थापना आली अन् दादाच्या तोंडून आरती निघंना. फाटक्या पत्र्यावर खडा घासावा तसा सूर. तंबाखू खायचा का? खायचा. गावात कोण खात न्हाई ते सांगा आधी.

मी म्हणलं, बस झालं, आता घशाचा डॉक्टर गाठायचा. कार्ड होतंच. सरकारी विम्याचं कार्ड, मोठं ऑपरेशन फुकट होतं ते. गावात शिबिर घेऊन काढलेलं, साहेबांच्या वाढदिवसाला, अन् वरच्या प्लास्टिकच्या पाकिटावर साहेबांचाच हात जोडलेला फोटो. दादानंच भोंग्यावरून पुकारा केलता, "आता आजाराला घाबरू नका!"

घाबरलो न्हाई आमी. गेलो. पहिल्या सरकारी दवाखान्यात सांगितलं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरची जागा रिकामी हाय. कवा भरणार? खिडकीवरचा माणूस म्हणला, "मावशी, मी हितं लागलो तवापासून रिकामीच हाय." मग बीडला गेलो. पहिल्या डॉक्टरच्या दाराबाहेर पाटीवरच लिवलेलं, कार्ड चालत नाही. दुसऱ्याच्या दारावर योजनेचा हा एवढा मोठा फलक. मला हायसं वाटलं. आत गेले तर पोरगी म्हणती, "योजना आहे, पण हाडांची. घशाची नाही."

"म्हणजे बाई, आमी आधी पाय मोडून यायचं का?"

"मला काय बोलता, मी फक्त इथं बसते," ती म्हणली. खरंच होतं तिचं. आपल्या देशात ज्याला बोलावं तो फक्त तिथं बसलेला असतो.

तिसरा डॉक्टर म्हातारा होता. त्याच्याकडं बी कार्ड चालत नव्हतं, पण त्यानं बघितलं तरी. नाकातून बारीक नळी घालून घसा तपासला, अन् मग खुर्ची पुढं ओढून दादाच्या समोर बसला. म्हणला, "आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. मला ती चांगली वाटत नाही. घाबरू नका, अजून छोटी आहे. संभाजीनगरला घाटीत जा. सरकारी आहे, तुमचं कार्ड चालतं, घशाचे डॉक्टर रोज असतात. केसपेपर काढा, रांगेत बसा. कुणाची ओळख लागत नाही. आत्ता गेलात तर आवाज वाचेल. उशीर केलात तर मी काही सांगू शकत नाही."

आता मला सांगा, ह्यात न कळण्यासारखं काय होतं? एवढं स्वच्छ मला आजवर कोणत्या साहेबानं सांगितलेलं न्हाई. पण आमची बीडची माणसं. "ओळख लागत नाही" म्हणलं की आमाला वाटतं, ह्या जागेत कायतरी खोट हाय. जिथं ओळख लागत न्हाई ती जागा आमच्या लेखी जागाच न्हाई. जातीचा दाखला ओळखीनं, रानात विजेचा डीपी बसवायचा ओळखीनं, लेकराला शाळेत घालायचं ओळखीनं. आमच्याकडं माणूस दवाखान्यात जायच्या आधी डॉक्टर कोण हे विचारत न्हाई, कुणाला फोन लावायला सांगावा हे विचारतो.

घरी आलो तर बजरंग येऊन बसलेला. बजरंग म्हणजे साहेबांचा गावातला कार्यकर्ता. पांढरे कपडे, दोन मोबाईल, अन् घरचं रान पडीक. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"अक्का, डोकं फिरलं का तुमचं? साहेबांचा आवाज घाटीत? रांगेत? वरांड्यात फरशीवर झोपवायचं का नाथदादाला? साहेबांना कळलं तर मला जोड्यानं मारतील. दोन दिवस थांबा, साहेबांचा फोन लावतो, मोठ्या दवाखान्यात एसीत ठेवू."

"डॉक्टरनं आत्ताच जा म्हणलंय," मी म्हणलं.

"डॉक्टर घाबरवतच असतेत."

मी दादाकडं बघितलं. त्याचा चेहरा फुललेला. बसक्या आवाजात म्हणला, "सुनिता, साहेबांना न सांगता गेलो तर त्यांना वाईट वाटंल."

"तुला काय झालंय ते तुला वाईट वाटतंय का आधी?"

"तू गप. तुला राजकारण कळत न्हाई."

झालं. दोन दिवस म्हणता म्हणता साहेब मुंबईला. मग साहेब दिल्लीला. मग दिवाळी होऊन गेल्यावर आले, तर लग्नसराई सुरू झालेली, रोज चार मांडव. बजरंग रोज सांगायचा, "आज बोलणारच." मी रोज भांडायचे. एकदा तर दळण अर्धं सोडून, पिठानं माखलेल्या हातानं दादाची पिशवी भरून दारात ठेवली, म्हणलं, "ऊठ, सकाळची गाडी हाय." त्यानं पिशवी उचलून परत खुंटीला अडकवली. वहिनी मधी उभी. तिला बी जायचं होतं, पण नवऱ्याच्या वरताण बोलायची तिला सवय न्हाई. मला म्हणली, "वन्सं, तुमीच न्या की त्यान्ला बळंच." आता पन्नाशीचा बाप्या काय दळणाचा डबा हाय का, उचलला अन् नेला?

फोन शेवटी लागला. बंगल्यावर बोलावलं आमाला. दादानं नारळ अन् शाल घेतलेली, जसं काय साहेबच आजारी हायेत. पन्नास माणसं बसलेली. साहेबांनी सगळ्यांदेखत मोबाईल टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, अन् म्हणाले, "डॉक्टर, माझा आवाज पाठवतोय तुमच्याकडे. नीट करून द्या बरं का!" पलीकडचा डॉक्टर हसला, बंगला हसला. दादा रडला. फोटो निघाला. संध्याकाळच्या आत तो फोटो साऱ्या तालुक्याच्या मोबाईलवर, खाली लिवलेलं, "कार्यकर्त्याच्या हाकेला धावणारा नेता." धावणारा! घटस्थापनेपासून दत्तजयंतीपर्यंत धावत होता व्हय?

दवाखाना संभाजीनगरचाच, खाजगी, काचेचा. "साहेबांकडून आलोय" म्हणलं की दारं उघडत गेली. जिन्याखाली एक टेबल होतं, वर योजनेचा फलक, अन् पुढं पन्नास-साठ माणसांची रांग. कुणाच्या गळ्याला गाठ, कुणाच्या कानाला बोळा. म्हणजे कार्ड तिथं बी चालत होतं, घशाला बी चालत होतं! वहिनीनं पिशवीतून कार्ड काढलं. खिडकीवरची पोरगी म्हणली, "मावशी, हे आत ठेवा. तुम्ही साहेबांचे पाहुणे ना? सरांनी तुमचं स्पेशल केलंय." अन् आमाला त्या रांगेच्या शेजारून लिफ्टनं वर नेलं. दादानं मान अशी ताठ केली जसं काय निवडणूक जिंकून चाललाय.

गळ्यातला तुकडा काढून तपासायला दिला. तो तसलाच निघाला, कॅन्सर. शेक द्यायचे ठरले, विजेचे. अन् मग बिल आलं. वर लिवलेलं, साहेबांच्या शब्दाखातर सवलत. सवलत वजा करून जे राहिलं तेवढे पैसे आमच्या घराण्यात कुणी एकगठ्ठा बघितलेले नव्हते.

मी धावत खाली गेले, त्या योजनेच्या टेबलाशी. तिथला पोरगा भला होता. म्हणला, "अक्का, भरती व्हायच्या आधी माझ्याकडं यायचं होतं. आता तुमची नोंद पैसेवाल्यांत झालीय. मोठ्या सरांनी बदलून दिली तरच."

मोठ्या सरांपुढं गेले. साहेबांशी फोनवर हसणारा तोच. त्याला म्हणलं, "आमचं कार्ड हाय, आमाला त्या रांगेत घाला."

तो म्हणला, "अहो, असं कसं? साहेबांनी स्वतः पाठवलेला माणूस मी फुकटवाल्यांत टाकू? उद्या त्यांनी विचारलं, माझ्या माणसाची ही किंमत केली का, तर मी काय सांगू?"

"डॉक्टर, आमी फुकटवालेच हाओत हो!" मी ओरडले. "आमच्या हक्काचं फुकट हाय ते. आमाला सवलत नको!"

त्यानं घंटी वाजवली, शिपाई आला. मी बाहेर.

बजरंगला फोन केला. म्हणलं, साहेबांना सांग, परत एक फोन लावा, फक्त एवढं म्हणा की ह्याला कार्डावर घ्या. बजरंग म्हणला, "अक्का, असं बोलता येत न्हाई. साहेबांनी माणूस पाठवायचा अन् मग म्हणायचं फुकटात घ्या? साहेबांची इज्जत जाईल. एवढी सवलत दिलीय ना त्यांनी?"

त्यांनी दिलीय! आयजीच्या जिवावर बायजी उदार. सवलत डॉक्टरची, पैसा आमचा, उपकार साहेबांचा. अन् जे सरकारनं आमच्या नावानं देऊन ठेवलंय ते वहिनीच्या पिशवीत, पदराच्या चिंधीत गुंडाळलेलं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय म्हणतात. मी जन्मभर दळत आले, पण असं खाणारं कुत्रं मी गिरणीवर बघितलं न्हाई.

गाय गेली. वहिनीच्या कानातलं, गळ्यातलं गेलं. शेक सुरू झाले अन् अर्ध्यात थांबले, कारण विकायला घरात गिरणी तेवढी राहिली, अन् तिच्यावर हात ठेवू द्यायला दादा तयार होईना. हे एक त्याचं मी जन्मभर सांगीन. मी म्हणलं, "दादा, सोड हा दवाखाना, घाटीला जाऊ." तर तो तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येणार न्हाई एवढ्या आवाजात म्हणला, "साहेबांनी पाठवलंय. मधीच सोडलं तर बरं दिसत न्हाई." घरी आणला. घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. मग एक दिवस त्याला श्वासच घेता येईना, घरघर घरघर, माझी गिरणी बरी. तवा मात्र मी कुणाचं ऐकलं न्हाई. बसस्टँडवर नेला, गाडीत बसवला, वहिनी एका बाजूला, मी एका बाजूला, अन् थेट घाटी.

केसपेपर काढला. रांगेत बसलो. रांग लांब होती, पण पुढं सरकत होती. कुणी विचारलं न्हाई कोणाकडून आलात. आत एक तरणी डॉक्टरीण. तिनं नळी घालून बघितलं अन् कागद चाळले.

"शेक अर्धे घेऊन थांबलात? कार्ड नाही का?"

वहिनीनं कार्ड काढून दिलं.

"हे असताना पैसे भरलेत? का?"

मी म्हणलं, "साहेबांनी पाठवलंतं तिकडं."

ती म्हणली, "कोण साहेब?"

खोटं न्हाई सांगत, तिला ठाऊकच नव्हतं. दादा तिच्याकडं बघत राहिला. ज्या नावासाठी त्यानं आयुष्याचा घसा फाडला, ते नाव मी घेतलं, तर ती म्हणली, "मी लातूरची आहे, मला माहीत नाही. असू द्या." अन् लिहायला लागली. कार्ड लागलं. त्याच दिवशी भरती झाली. पैसा लागला न्हाई, फोन लागला न्हाई. पण तिनं मला अन् वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, गाठ आता आरपार पसरलीय. जीव वाचवू. आवाज नाही वाचणार. आवाजाचं सगळं यंत्रच काढावं लागेल. "दिवाळीच्या आधी आला असतात तर," एवढं म्हणून ती थांबली. भली बाई होती, पुढचं बोलली न्हाई.

ऑपरेशनच्या दिवशी न्यायच्या आधी तिनं दादाला सांगितलं, "काका, जे बोलायचं ते आत्ता बोलून घ्या. निवांत बोला, आम्ही थांबतो."

वहिनी त्याच्या उशाशी बसली. मी पायाशी. वहिनीनं पदर तोंडाला लावलेला. लग्न होऊन एवढी वर्षं, ह्या माणसानं तिला कधी नावानं हाक मारली न्हाई. "अगं ए" म्हणायचा, तेवढंच. मला वाटलं, आता तरी मारंल. वहिनीला बी वाटलं, मी बघितलं ना तिचं तोंड. दादानं बोटानं मला जवळ बोलावलं. मी कान नेला. तो म्हणला, "साहेबांस्नी सांग. हितं आलो म्हणून राग मानू नका म्हणावं."

एवढंच. अन् त्याला आत नेलं.

मी वरांड्यात जाऊन भिंतीवर मुठी आपटल्या. वहिनीनं मला विचारलं, "काय म्हणले?" मी म्हणलं, "तुझं नाव घेतलं." ह्या गोष्टीत मी बोललेलं खोटं तेवढं एकच हाय, अन् त्याचा मला पस्तावा न्हाई.

दादा जगला. घरी आला. गळ्याला भोक, त्याच्यावर वहिनीनं शिवलेला पांढरा रुमाल. देवळातल्या भोंग्यावर आता मोबाईल लावून ठेवतात. कोण मेलं ते नीट कळत न्हाई, लोक मातीला चुकतात. साहेब भेटायला आले न्हाईत. बजरंगनं एक फळांची टोपली आणली, तिच्यासोबत फोटो काढला अन् गेला.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. सकाळचं दळण चालू होतं. पट्टा सैल झाला म्हणून मी गिरणी बंद केली, अन् ऐकलं.

"माता-भगिनींनो, बंधूंनो! तुमच्या दारात आलाय तुमचा हक्काचा माणूस!"

दादाचा आवाज. खणखणीत. पहिल्यासारखा. माझ्या हातातला पाना खाली पडला. क्षणभर मला वाटलं, देवानं फिरवला निर्णय. पळत बाहेर आले तर गल्लीच्या तोंडाला साहेबांची जीप, वर दोन भोंगे, अन् आत बजरंग. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी. दादा ओट्यावर बसलेला, तो उभा राहिला. अन् त्याचे ओठ हलायला लागले. जीपमधला त्याचा आवाज जे बोलत होता तेच तो ओठावर बोलत होता, शब्दाला शब्द, हात वर करून, अन् रुमालाखालून नुसती हवा येत होती, फस्स, फस्स.

जीप आमच्या दारातच थांबली. बजरंग हसत उतरला. "बघितलं का वहिनी? नाथदादाचा आवाज अजून साहेबांच्या कामाला येतोय. साहेब म्हणले, दुसरा आवाज नको, लोकांना हाच पाहिजे."

मी पाना उचलायला मागं वळले. खरं सांगते, त्याचं डोकंच फोडलं असतं. पण माझ्या आधी वहिनी ओट्यावरून खाली उतरली. हात पिठाचे, भाकरी थापता थापता उठलेली. ती बजरंगला म्हणली, "ते दे."

"काय वहिनी?"

"त्यांचा आवाज. ज्यात भरलाय ते. आमचं हाय ते."

बजरंग हसला. "असं कसं देता येईल? साहेबांना विचारावं लागंल."

"मग लाव फोन," वहिनी म्हणली. "आमी थांबतो. आमाला सवय हाय."

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बजरंगनं खरंच फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. "साहेब मीटिंगमधी असतील," तो म्हणला. वर दादाचा आवाज चालूच, गोरगरिबांचे कैवारी, हाकेला धावणारे. वहिनी ड्रायव्हरच्या दाराशी गेली, हात आत घातला अन् ते बोटाएवढं पेनड्राइव्ह उपसून काढलं. आवाज शब्दाच्या मधीच तुटला.

मला काय ठाऊक न्हाई असं न्हाई. दुसऱ्या जीपमधी त्याची नक्कल असणारच. असू द्या. वहिनीनं ते पिठाच्या हातानं नेऊन दादाच्या तळहातावर ठेवलं. तो त्याच्याकडं बघत राहिला. बजरंग ओट्यापाशी आला, अन् हात पुढं करून लाडात म्हणला, "नाथदादा, द्या बरं. साहेबांचं काम अडतंय. तुमी कधी साहेबांना न्हाई म्हणलाय का?"

मी डोळे मिटून घेतले. मला माझा भाऊ ठाऊक होता. आता हात जोडून परत देणार, अन् मी परत वरांड्यात मुठी आपटणार.

मग न राहवून डोळे उघडले. दादानं मूठ मिटलेली होती. ती मूठ त्यानं गळ्यावरच्या रुमालाशी धरलेली, अन् बजरंगकडं बघून तो मान हलवत होता. न्हाई. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, हलवतच होता. एवढा मोठा आवाज होता तवा ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द साहेबांसाठी कधी निघाला नव्हता. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बजरंगनं मोबाईल खिशात घातला अन् गाडीत बसला. जीप मुकीच पुढच्या गल्लीत गेली.